ईदनंतरचा बोकड

पडघ्याजवळ हायवेला लागून आमचा वजनकाटा आहे. ट्रक भरलेला येतो तेव्हा एकदा काट्यावर चढतो, रिकामा होऊन परततो तेव्हा पुन्हा चढतो, आणि मधली वजाबाकी मी चिठ्ठीवर लिहून देतो. इतकी वर्षं हेच केल्यामुळे माणसांकडेही तसंच बघायची खोड लागली आहे. समोरच्या वाडीतून केसरीनाथ भोईर रोज सकाळी काट्यावर चहाला येतो तो भरलेल्या ट्रकसारखा. पांढरे कपडे, गळ्यात साखळी, बोलण्यात चार गोदामं. ती त्याच्या जमिनीवर उभी आहेत आणि त्यांच्याबद्दल तो दुसऱ्याच्या मुलांच्या मार्कांसारखं बोलतो, म्हणजे आपला काही संबंध नाही पण आकडा पाठ आहे. त्याचं रिकामं वजन किती, ते मला गेल्या पावसाळ्यापर्यंत ठाऊक नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात त्याचा एकुलता मुलगा धनेश तापाने गेला. घरात तिघं उरली. केसरीनाथ, त्याची बायको सीताबाई आणि धनेशची बायको पूर्वी. आणि वाडीतल्या शेळ्या.

शेळ्या धनेशच्या. तो त्याला धंदा म्हणायचा, मी शौक म्हणायचो, आणि आम्ही दोघंही वाद न घालता चहा प्यायचो. राजस्थानातून सिरोही आणल्या, पंजाबातून बीटल. एकेकाचे कान ओल्या टॉवेलसारखे लोंबायचे. भिवंडीहून पोरं मोटरसायकलवर यायची, बोकडांबरोबर फोटो काढायची, बोकडांना हिरोंची नावं द्यायची. आपला पाऊस मात्र फोटो बघत नाही. श्रावण लागला की त्या उंच जनावरांचे खूर सडायचे, नाकं वाहायची, आणि एकेक हिरो पाठीमागच्या खड्ड्यात जायचा. धनेश पुन्हा नवे आणायचा.

तो गेला त्या दिवसांत पूर्वी लोकांसमोर रडली नाही. तेराव्याला आलेल्या बायकांनी तिच्या डोळ्यांचा हिशेब घेतला आणि तो कमी भरला. त्यात ती दुसऱ्याच दिवशी शेळ्यांच्या वाड्यात शिरली आणि एकेक शेळी धरून तिची खालची पापणी ओढून आत बघायला लागली. आतला भाग लाल असला तर जनावर ठीक, पांढरट असला तर पोटात जंत. हे तिला धनेशनेच शिकवलं होतं, पण स्वतः तो फारसं करायचा नाही. बायका म्हणाल्या, नवऱ्यासाठी डोळ्यांत टिपूस नाही आणि शेळ्यांच्या डोळ्यांत काय शोधते. मी ऐकून घेतलं. काट्यावर बसणाऱ्याला सगळं ऐकून घ्यावं लागतं.

पुढचे काही महिने तिने निवड केली. उंच जनावरं मिळेल त्याला देऊन टाकली. ठेवल्या त्या बुटक्या, काळ्या, गावठी शेळ्या, ज्यांच्याकडे फोटोवाल्या पोरांनी कधी मान वळवूनही बघितलं नव्हतं. त्यांतही चाळणी होती. जिला भर पावसात औषध पाजावं लागलं ती बाद. जिने दोन पिल्लं दिली पण एकच जगवलं ती बाद. जी चिखलात उभी राहिली, करवंदीचा नि शेवरीचा पाला खाऊन राहिली आणि जिच्या पिल्लांनी तिच्या मागे धावताना खोकला काढला नाही, ती राहिली. भिवंडीचा एक व्यापारी तिच्या एका काळ्या शेळीसाठी अडून बसला होता. "भाभी, ये तो छोटी है, रखके क्या करोगी?" पूर्वीने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. एकदा ती आमचा छोटा काटा मागायला आली तेव्हा मी विचारलं, नेमक्या कसल्या शेळ्या हव्यात तुला? ती म्हणाली, "ज्यांच्याकडे मना बघावं लागत न्हाय, त्या."

तिच्या आवाजात राग नव्हता, दुःख नव्हतं. टेलिफोनवर बाई सांगते ना, आपण रांगेत आहात, तसा आवाज.

आता या घरातली एक रीत सांगितली पाहिजे. सून सासऱ्याशी थेट बोलत नाही. सासऱ्याला काही सांगायचं तर सासूला सांगते, सासू नवऱ्याला. सीताबाई म्हणजे त्या घरातलं टपाल. धनेश गेल्यापासून हे टपाल हळूहळू बंद पडलं होतं. सीताबाई दोन्हीकडचं ऐकायची आणि कुठेच पोचवायची नाही. ती मुद्दाम करत नव्हती. तिच्या आत गेलेली गोष्ट आतच राहत होती.

बंद पडण्याआधीचं बहुतेक शेवटचं टपाल केसरीनाथचं. गोदामवाल्याला शेळ्यांची वाडीही हवी होती, कारण दोन्ही बाजूंच्या शेडमध्ये ती पाचरीसारखी अडकली होती. करार या पावसाळ्यानंतरच्या जानेवारीत व्हायचा. केसरीनाथने निरोप धाडला की जानेवारीच्या आत वाडीत नवी पिल्लं खेळताना दिसली तर वाडी सुनेची, नाहीतर तिथे पत्रा चढेल. तिचं उत्तर आलं, "बरं." कायमचं माहेरी जायचं नाही, घरात बसून राहायचं नाही, शेळ्यांतच राहायचं एवढं तिचं ठरलं होतं. वाडी गेली तर तिला त्या घरात उठून जायला दुसरी जागा नव्हती.

पिल्लांसाठी बोकड लागतो. आणि एक होता. आई आपली गावठी, दोन पिल्लं भर आषाढात वाढवलेली. बाप कोकण कन्याळ, तोंडावर पांढरे पट्टे असलेला, सावंतवाडीकडून आणलेला. त्या दोघांचा हा पोरगा ज्या पावसात उंच जनावरं पटापट गेली त्याच पावसात अंगावर मांस धरून उभा राहिला. सगळ्या वाड्यात एवढं चोख जनावर दुसरं नव्हतं. आणि तोच देवीचा होता.

धनेश ठाण्याच्या हॉस्पिटलात होता तेव्हा सीताबाईने त्या करडाच्या गळ्यात पिवळा दोरा बांधला आणि बोलली, पोरगा चालत घरी आला की जत्रेला हा गावदेवीला. पोरगा आला तो गाडीतून, झाकलेला. मग बोकड कुणाचा? गावात दोन पक्ष पडले. एक म्हणाला, देवीने दिलं नाही, मग द्यायचं कसलं. दुसरा म्हणाला, बोललेलं द्यावंच लागतं, नाहीतर घरात अजून काही. चैत्रातली जत्रा आली नि गेली. सीताबाईने बोकड नेला नाही, सोडलाही नाही. पडवीत वेगळा बांधून ठेवला, आपल्या हाताने चारायची, आणि त्याच्या पोटाखाली फडकं बांधायची. धनगर बांधतात तसं, बोकडाने शेळ्यांवर चढू नये म्हणून. देवीच्या जनावराने संसार करू नये, असं तिचं म्हणणं.

पूर्वीने एकदा विचारून बघितलं. सीताबाई म्हणाली, देवीचाय तो. पूर्वीने वाद घातला नाही, हिशेब घातला. जत्रा गेली, बोकड इथेच आहे. पुढची जत्रा पुढच्या चैत्रात. मधे आषाढ आहे, आषाढात शेळ्या माजावर येतात. सासू एखाद्या दुपारी बाहेर गेली की फडकं सोडायचं, काम झालं की पुन्हा बांधायचं. हा हिशेब चोख होता. त्यात एकच रक्कम धरायची राहिली होती, ती म्हणजे केसरीनाथसुद्धा कधीकधी विचार करतो.

बकरी ईद आली. ईदच्या आधी भिवंडीत बोकडाला जो भाव असतो तो पुन्हा वर्षभर नसतो, म्हणून पूर्वीने बाकीचे सगळे नर विकून टाकले. एकही ठेवला नाही. पडवीतला होता ना.

ईद झाली, पाऊस लागला, आणि एका सकाळी वाडीतून शेळ्यांचा ओरडा सुरू झाला. माजावरची शेळी गप्प बसत नाही. शेपूट हलवत आणि कुणीतरी मेल्यासारखी ओरडत राहते. दुपारी सीताबाई वज्रेश्वरीला बहिणीकडे गेली, आणि पूर्वी रस्ता ओलांडून काट्यावर आली. म्हणाली, "अण्णा, जरा बोकड धरायला याल?"

मी ट्रकवाल्यांना थांबायला सांगितलं आणि गेलो. पडवीत बोकड फणसाचा पाला खात होता. तिने फडकं सोडलं, घडी करून खांबावर ठेवलं आणि दोन शेळ्या आणून त्याच्यासमोर उभ्या केल्या. त्या त्याला घासायला लागल्या. बोकडाने एकीला हुंगलं, मान फिरवली आणि पुन्हा पाला खायला लागला.

मी म्हटलं, लाजतोय. पूर्वी हसली नाही. ती खाली बसली, त्याच्या मागच्या पायांमध्ये हात घातला आणि तशीच राहिली. नंतर हात काढून पदरालाच पुसला.

"वासच येत न्हवता त्याला," ती म्हणाली. "बोकडाला वास असतो. मना कळायला पायजे होतं."

त्याला खच्ची केलेलं होतं. तेही ताजं नव्हे, सूज उतरून गेलेली. फडक्यामुळे दिसलं नव्हतं. पूर्वीने शेळ्या परत वाड्यात नेल्या, त्यांना पाणी दाखवलं आणि पावसाने ओला झालेला चारा कोरड्या बाजूला ओढायला लागली.  मग ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला.

संध्याकाळी केसरीनाथ चहाला आला. मी विचारलं, तुझ्या बोकडाला कुणी हात लावला?

तो खूश झाला. त्याला वाटलं, कुणाच्या तरी लक्षात आलं एकदाचं. खुर्ची ओढून तो सांगायला लागला. सून वैशाखात माहेरी गेली होती तेव्हा त्याने चिमटेवाला बोलावून ते काम करून घेतलं होतं. का? कारण देवीला अव्यंग जनावर लागतं. खच्ची केलेला चालत नाही. आता देवीचा त्याच्यावर हक्क नाही, नवसाचा प्रश्न मिटला, गावाची तोंडं मिटली, बोकड घरी राहिला. सीताबाईला त्याने त्याच दिवशी सांगितलं होतं. ती फडकं मात्र बांधत राहिली होती. देवीचं जनावर बाटलं हे कुणाला दिसू नये म्हणून असेल. किंवा काहीच म्हणून नसेल.

"पण वाचवायचा कशाला होता?" मी विचारलं.

केसरीनाथने बशीत चहा ओतला आणि तो प्यायला नाही.

"पोर रडत न्हाय, अण्णा. वर्ष होत आलं. त्या बोकडापाशी जाऊन उभी राहते, त्याच्या अंगावरून हात फिरवते, पाय उचलून बघते. बाकी कुठं थांबत न्हाय. म्हटलं, धनेशचं जे काय हाय तिच्याकडं, ते त्याच्यात हाय. तो जत्रेला गेला असता तर हिच्याकडं काय राहिलं असतं?"

मी त्याच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत मी त्याला एवढं लांब वाक्य गोदामाशिवाय बोलताना ऐकलं नव्हतं.

"ती पाय बघत होती, केसरीनाथ. खूर. तिला तो शेळ्यांना लावायचा होता."

"मग दुसरा लाव म्हणावं. बोकडाला काय तोटा?"

"ईद झाली," मी म्हटलं.

भिवंडी तालुक्यात राहणाऱ्याला याहून जास्त सांगावं लागत नाही. ईदच्या आधी हवा तेवढा बोकड, ईदनंतर गाव पालथं घातलं तरी मिळणार ते दूधपितं करडू, नाहीतर ज्याला कुणी घेतलंच नाही असं हाडूक.  बशीतल्या चहावर साय आली. मग केसरीनाथ म्हणाला, तू चल. मी म्हटलं, मी कशाला? तो म्हणाला, मी तिच्याशी कधी बोललो न्हाय.

आम्ही दोघं वाड्याच्या फळीशी जाऊन उभे राहिलो. पूर्वी आत शेण काढत होती. केसरीनाथ मला म्हणाला, सांग तिला. मी तोंड बंद ठेवलं. आयुष्यभर लोकांचं वजन करून दिलंय, उचलून दिलेलं नाही.

शेवटी तोच बोलला. "बोकडाचं मी केलंय."

तिने पदर डोक्यावर ओढला, पण घमेलं खाली ठेवलं नाही. "मना त्याची पिल्लं पायजे होती, मामा," ती म्हणाली, आणि घमेलं घेऊन त्याच्या बाजूने निघून गेली. लग्न होऊन आल्यापासून सासऱ्याला ती थेट बोललेलं हे पहिलं वाक्य.

त्या रात्री सीताबाई परत आली तेव्हा खांबावर घडी केलेलं फडकं दिसलं. तिने ते धुतलं. दुसऱ्या दिवसापासून ते गॅसचा ओटा पुसायला होतं. हे केसरीनाथने मला सांगितलं, जणू पावसाचा अंदाज सांगतोय.

पूर्वी दोन दिवस फोन करत होती. बापगाव, कुकसे, अंबाडी. सगळीकडे तेच. मग कुणीतरी सांगितलं, अकलोलीला महादूकडे एक आहे. भरलेला, तिसरा पावसाळा बघणारा. अजून का राहिला? कुत्र्याने त्याचा अर्धा कान तोडला होता, आणि तसा कान कुर्बानीला चालत नाही. व्यापारी त्याला दरवेळी वगळून पुढे जात होते.

प्रश्न राहिला शेळ्या न्यायच्या कशात. टेम्पोवाला उद्या म्हणत होता आणि माज उद्यापर्यंत थांबत नाही. पूर्वी अंगणात आली, केसरीनाथसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "गाडी काढा."

गाडी म्हणजे ती मोठी पांढरी, जिच्या सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं आणि जिच्यात ओली छत्री घेऊन मला एकदाही बसू दिलं नव्हतं. केसरीनाथने चावी आणली. त्या दिवशी माजावर तीन नव्या शेळ्या होत्या. पूर्वीने दोन चढवल्या आणि तिसरी मागे ठेवली. तिला यंदा पाऊस लागताच औषध पाजावं लागलं होतं. मी म्हटलं, जानेवारी डोक्यावर आहे, निवडत काय बसतेस? ती म्हणाली, तिची पिल्लंही औषधच मागतील. मलाही गाडीत घेतलं गेलं, कारण त्या दोघांना अजून मधे कुणीतरी लागत होतं.  अकलोलीपर्यंत शेळ्या तेवढ्या ओरडत होत्या, आणि एकीने प्लास्टिकचा निकाल लावला.

महादूने गाडी बघितली, मागच्या काचेतून बाहेर बघणारी शेळी बघितली आणि केसरीनाथला रामराम घातला. म्हणाला, "शेठ, व्याहीभोजन करूनच जायचं."

पूर्वी सरळ बोकडाकडे गेली. दिसायला तो कुठल्याच अंगाने वर नव्हता. बुटका, छाती रुंद, तुटका कान. तिने पापणी ओढून बघितली, चारही खूर उचलून बघितले, दात बघितले, मग त्याच्या आईबद्दल विचारलं. महादूने आई दाखवली. म्हातारी झाली होती, पण पावसात भिजत बांधावर चरत होती आणि खोकत नव्हती. पूर्वी तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली. कानाचं मी विचारलं तर म्हणाली, ते कुत्र्याचं हाय, पोटातलं न्हाय.

पहिली शेळी बुजायला लागली. कुणीतरी धरायला हवं होतं. महादू बोकडाला धरून होता, मी महादूच्या घराच्या पायऱ्यांवर सगळ्यांच्या चपला सांभाळत होतो. केसरीनाथ पुढे झाला आणि त्याने घाईत शेळीची शेपटी पकडली.

"मामा, मान धरा," पूर्वी म्हणाली. "शेपटी न्हाय."

त्याने मान धरली. पांढऱ्या कपड्यांत, गुडघे चिखलात, तोंड दुसरीकडे. काम झालं. दुसरी आणली, तिलाही त्याने धरलं, या वेळी न सांगता. परतताना गाडीत त्याने आरशातून मागे बघत विचारलं, "राहतील?" ती म्हणाली, तीन आठवड्यांनी कळेल. परत ओरडल्या तर राहिल्या नाहीत.

त्या आषाढात ती गाडी शेळ्यांची टॅक्सी झाली. जी माजावर येईल तिला घेऊन केसरीनाथ अकलोलीला जायचा. मी दुसऱ्या खेपेनंतर जायचं बंद केलं. माझी गरज उरली नव्हती. सीताबाई दारात उभी राहून गाडी जाताना बघायची आणि आत जायची. गोदामवाल्याची दोन माणसं टेप घेऊन आली, वाडीची मापं लिहून घेतली आणि कुंपणाला लाल रंगाच्या खुणा करून गेली. कुणी त्यांना अडवलं नाही.

तीन आठवडे झाले त्या सकाळी केसरीनाथ चहाला आला नाही. मी रस्ता ओलांडून गेलो. तो वाड्याच्या फळीवर हात टेकून उभा होता आणि नुसता ऐकत होता. आत पूर्वी शेवरीच्या फांद्या टांगत होती. पहिल्या दोन्ही शेळ्या तिच्या पायांशी येऊन पाला ओढत होत्या. आवाज फक्त चघळण्याचा.

"गप हायत," केसरीनाथ म्हणाला.

"हं," पूर्वी म्हणाली.

 मग केसरीनाथने खिशातून फोन काढला, गोदामवाल्याला लावला आणि म्हणाला, जानेवारीत तुमचं तुम्ही करा, वाडी सोडून. पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं आलं. केसरीनाथने ते ऐकलं नाही, फोन कानाला लावून शेळ्यांकडे बघत राहिला, आणि बोलणं संपल्यावर ठेवून दिला. पूर्वीने ऐकलं असणार. ती फांदीची गाठ पुन्हा घट्ट करत होती, आधीच घट्ट होती तरी.

पडवीतल्या बोकडाचं काय करायचं, ते मीच विचारलं. सरळ हिशेब होता. पिल्लं देणार नाही, देवी घेणार नाही, उगीच चारा खाणार. पूर्वी म्हणाली, श्रावण संपला की विकून टाकायचा, चांगला भरलाय.

केसरीनाथ वळला. "तो राहूदे," तो म्हणाला.

"कशाला, मामा?"

 तो पडवीत गेला, बोकडापाशी बसला आणि त्याचा पाय उचलून खूर बघायला लागला. तिला बघताना बघितलं होतं तसा. पण बघायचं काय हे त्याला माहीत नव्हतं, त्यामुळे तो पाय हातात धरून बसून राहिला.

 पूर्वीने उरलेल्या शेवरीतली एक फांदी तोडली, पडवीत जाऊन त्याच्या बाजूला टाकली आणि पाणी आणायला गेली.